जांभळा आधी सोडला

८ जानेवारी

व्याहीबुवा, नमस्कार.

रविवारी सकाळी मी माशांच्या टाकीतली मधली काच काढली. देवापुढे दोन मिनिटं उभा राहिलो, बाह्या दुमडल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून काच हळूच वर ओढली. मुलगी अंघोळीला गेली होती, तिची आई भाजी निवडत होती. मनात म्हटलं, महिनाभर दोघे एकमेकांना काचेतून बघतायत, आता तरी ओळख पटली असेल.

पटली नव्हती. काच पुरती बाहेर यायच्या आत जांभळा पलीकडे पोचला. ह्या टँग जातीच्या समुद्री माशांना शेपटीच्या मुळाशी वस्तऱ्यासारखा काटा असतो, हे तुमच्या चिरंजीवांनी आम्हाला पहिल्यांदा टाकी दाखवली तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हा गंमत वाटली होती. जांभळा पिवळीच्या बाजूला आला आणि त्याने शेपूट फटकन वळवली. एकदा, मग पुन्हा. मी काच परत घालेपर्यंत तिच्या कुशीवर दोन पांढरे ओरखडे उमटले होते आणि वरचा पर शिवण उसवल्यासारखा फाटला होता. तेव्हापासून ती पंपामागे तोंड खुपसून उभी आहे.

चूक माझीच, आणि ती परवाची नाही. डिसेंबरात तुम्ही टाकी टेम्पोतून पाठवलीत तेव्हा दोघे मासे वेगवेगळ्या पिंपांत होते. कुणाला आधी सोडायचं? जांभळा जावयांनी आणलेला, पिवळी आमच्या मुलीने. मी म्हटलं, जावयाचा मान आधी. जांभळ्याला लगेच सोडलं आणि पिवळीला दोन दिवसांनी, पाणी निवळल्यावर. तेवढ्या वेळात त्याने अख्खी टाकी आपली करून घेतली, आणि मधे काच घालायची वेळ आली. माशांच्या दुकानदाराने ऐकून कपाळावर हात मारला. "अहो, दुबळ्याला आधी सोडायचं असतं! दांडगा मागून." घरी सांगितलं तर मुलीची आई म्हणाली, "माशालासुद्धा जावई करून ठेवलंत. आता आहेर तेवढा करा."

तुमच्या घरी हे दोघे दोन वर्षं एकत्र नांदले. तुम्ही रोज संध्याकाळी टाकीसमोर बसायचात. तिथे काय वेगळं होतं ते आठवून लिहा. मुलीला विचारलं तर "असतील नांदले" एवढंच म्हणाली.

ती बरी आहे. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामावर पुन्हा लागली आहे. सहाला घरी येते, मीही शाळेच्या प्रयोगशाळेतून त्याच सुमारास येतो. ती तुमचं घर सोडून आली त्याला पाच महिने झाले. का आली ते मी अजून विचारलेलं नाही. फ्लॅटचा करार मार्चअखेर संपतो आणि ती परतली तर तो वाढवायचा, नाहीतर सोडायचा, असं तुम्ही लिहिलंत. तोवर देव काहीतरी वाट दाखवील.

तुमचा व्याही


१४ जानेवारी

व्याही, नमस्कार.

टपालवाला म्हणे पाच मिनिटं दार ठोठावत होता. शेजारणीने त्याला सांगितलं, आजोबा ठार बहिरे आहेत, खालून सरकवा. तीस वर्षं बॉयलरशेजारी उभं राहिल्यावर माझे कान आधी निवृत्त झाले, मी मागून. फोन माझ्या उपयोगाचा नाही, आणि त्याच्या पडद्यावर माझं एक बोट चार अक्षरं दाबतं. त्यापेक्षा पत्र बरं. तुमचं अक्षर तर छापल्यासारखं.

आता कामाचं. डिसेंबरातल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की रोज बोटभर पाणी आटतं आणि तुम्ही तितकं खारं पाणी मोजून भरता. अहो प्रयोगशाळावाले! वाफ मीठ बरोबर घेऊन जाते का? मीठ खालीच राहतं. मी बॉयलरात हे केलं असतं तर नळ्या खपल्या धरून फुटल्या असत्या आणि मी आज पत्र लिहायला उरलो नसतो. आटलं तेवढं गोडं पाणी भरा. अंगात कणकण असली की माणूसही भांडायला उठतो, तिथे माशाचं काय.

आमच्याकडे दोघे सुखात होते. पाच वाजता सूनबाई चिमट्याला शेवाळाची वाळकी पट्टी लावून पाण्यात सोडायच्या आणि मी खुर्ची ओढून बसायचो. दोघे एकाच पट्टीला दोन बाजूंनी तोंड लावायचे, एका ताटात जेवल्यासारखे. मागच्या काचेला सूनबाईंनी आरसा लावला होता. खुर्चीत बसलं की पाण्यातून माझंच थोबाड दिसायचं. मी त्यात बघून भांग पाडायचो. म्हाताऱ्याचा इतका विचार कोण करतं?

आणि घर कसं शांत. माझ्यासाठी सगळंच शांत म्हणा, पण चेहरे तर दिसतात! कधी कुणाचं तोंड वेडंवाकडं उघडलेलं मी पाहिलं नाही. माझ्यासाठी चिठ्ठ्या लिहिता लिहिता त्या दोघांनाही चिठ्ठ्यांची सवय लागली होती. फ्रिजवर कायम दोन-चार डकवलेल्या. 'दूध आणलं.' 'उशीर होईल.' अशा घरातून सूनबाई का गेल्या ते मला खरंच उमगत नाही.

तर माझी युक्ती ऐका. मी चिरंजीवांना लिहून दिलं की पिवळी मरायला टेकली आहे, तूच जाऊन बघ. 'बघतो' असं लिहिलंय. २ फेब्रुवारीला, रविवारी येतील. सूनबाईंना आधी सांगू नका. दोघांना टाकीसमोर एकदा उभं राहू द्या, पुढचं आपोआप होईल. विहीणबाईंना सांगा, आहेर नको, नुसता चहा ठेवा.

तुमचा बहिरा


२२ जानेवारी

व्याहीबुवा, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी एकटाच खजील झालो. दरवर्षी मी मुलांसमोर बशीत मिठाचं पाणी आटवून दाखवतो. पाणी जातं, मीठ राहतं, सगळी मुलं वहीत लिहून घेतात. तेच माझ्या घरात रोज होत होतं आणि मला दिसलं नाही. शाळेतलं मापक आणून बघितलं, मीठ फारच चढलं होतं. चार-पाच दिवस थोडं थोडं करून उतरवतोय. एकदम उतरवलं तर माशांना सोसत नाही.

जांभळा मात्र तसाच आहे. मधल्या काचेला लागून दिवसभर येरझाऱ्या घालतो. पिवळी पट्टीकडे फिरकत नाही.

रविवारचं ठरलं ते ठरलं. मुलीला सांगितलेलं नाही. तिची आई माझ्यावर चिडली आहे. "न सांगता त्यांना घरात आणू नका. ती काय मासा आहे, पिंपातून काढून कुणासमोरही सोडायला?" मी म्हटलं, "नवरा आहे तिचा, कुणीही नाही." त्यावर ती उठून गेली.

मी रोज सकाळी हात जोडतो तेव्हा सध्या एवढंच मागतो की दोघांनी एकदा समोरासमोर उभं राहावं.

तुमचा व्याही


५ फेब्रुवारी

व्याही, नमस्कार.

अहो लिहा ना! चिरंजीव रविवारी चारला परत आले. मी कागद पुढे केला, 'काय झालं?' त्यांनी लिहिलं, 'काम झालं.' ह्या दोन शब्दांवर मी तीन दिवस काढले. कसलं काम? माशांचं की दुसरं? चहा सूनबाईंनी दिला का? किती वेळ उभी होती दोघं?

मी इकडे तयारीला लागलोय. सूनबाईंच्या कपाटाच्या बिजागरीला तेल घातलं. टाकी होती तिथे भिंतीवर मिठाचा पांढरा डाग पडला होता तो खरवडला. घरमालकाला सांगून ठेवलं की करार वाढवायचा आहे.

आज मी पाच वाजता उगाच खुर्ची ओढून त्या रिकाम्या भिंतीसमोर बसलो. हसू नका.

तुमचा बहिरा


१० फेब्रुवारी

व्याहीबुवा, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. चार वेळा कागद घेतला आणि ठेवून दिला.

जावई अकराला आले. दार मुलीनेच उघडलं आणि ती बाजूला झाली. ते आत आले, मला वाकून नमस्कार केला, मुलीच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि कामाला लागले. काम देखणं, त्यात शंका नाही. मीठ तपासलं, म्हणाले, "आता बरोबर आहे, बाबा." मग समजावून सांगितलं. वेगवेगळ्या बांध्याचे टँग एका टाकीत एकमेकांना सोडून देतात. हे दोघे पडले एकाच बांध्याचे, उंच पराचे, आणि टाकी चारच फुटी. अशांना एकत्र ठेवायचं तर दोघांनाही बाहेर काढायचं, आतले सगळे खडक हलवायचे म्हणजे कुणाचंच जुनं घर उरत नाही, आणि मग दोघांना एकाच वेळी सोडायचं. मला ते फार न्यायाचं वाटलं.

मुलगी टॉवेल घेऊन हातभर अंतरावर उभी होती. जावयांना बादली हवी होती. बादली तिच्या पायाशी. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबा, बादली द्यायला सांगता का?"

मी म्हटलं, "अहो, ही काय उभी आहे. तिलाच सांगा की."

ते हसले. अगदी सभ्य हसले. आणि पुन्हा मलाच म्हणाले, "जाळीपण लागेल, बाबा."

तिने बादली दिली, जाळी दिली. त्यांनी ती खुंटीवरून काढून घ्यावी तशी तिच्या हातातून घेतली. दीड तासात हे नऊ-दहा वेळा झालं. व्याहीबुवा, मी माझ्याच घरात दुभाष्या होऊन उभा होतो, आणि दोघांची भाषा एकच होती. चहा मुलीने आणून दिला. तो पिऊन ते मला म्हणाले, "चहा छान झालाय, बाबा."

ते गेल्यावर मी तिला विचारलं. ती आल्यापासून पहिल्यांदाच. "तुमचं बोलणं कधीपासून बंद आहे?"

ती फरशीवरचं पाणी टिपत होती. मान वर न करता म्हणाली, "इथे यायच्या आधी चौदा महिने."

एकदा केर काढताना तिने पंपाचं बटण बंद केलं आणि चालू करायला विसरली. टाकीतली दोन पोवळी मेली. जावई संध्याकाळी आले, त्यांनी बघितलं आणि "ठीक आहे" म्हणाले. तो त्यांचा तिच्याशी शेवटचा शब्द. त्यानंतर फक्त चिठ्ठ्या. ती तापाने पडली तेव्हा उशाशी औषध आणि चिठ्ठी, 'दिवसातून तीनदा.' मला म्हणाली, "पंपाची घरघर होती म्हणून तेवढे दिवस काढले, बाबा."

तुम्हाला लागेल अशी गोष्ट आहे, पण लिहितो. तो आरसा तुमच्यासाठी नव्हता. जांभळ्याने दिवसभर आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत बसावं आणि पिवळीला जरा फिरता यावं म्हणून तिने तो लावला होता. पाचला खाणं पाण्यात पडलं की तेवढा अर्धा तास भांडणं थांबायची. तुम्ही नेमके त्याच अर्ध्या तासाला बसायचात.

मला तुम्हाला दोष देण्याचा अधिकार नाही. गेल्या उन्हाळ्यात ती चार दिवस आमच्याकडे आली होती. निघायच्या सकाळी म्हणाली, "बाबा, ते माझ्याशी बोलत नाहीत." मी हसून म्हटलं, "बरं आहे की, भांडत तर नाहीत!" तिची पिशवी उचलून मीच बसमध्ये ठेवली. खिडकीतून पाण्याची बाटलीसुद्धा दिली.

आता ती येणार की नाही विचाराल, तर ती काहीच म्हणत नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर देते.

तुमचा व्याही


२० फेब्रुवारी

व्याही,

तुमचं पत्र वाचलं आणि चिठ्ठ्या काढल्या. मी चिठ्ठ्या टाकत नाही, हे तुम्हाला ठाऊक नसेल. बहिऱ्याशी कुणी बोललं तर ते कागदावरच असतं, ते फेकवत नाही. फ्रिजवरून पडलेल्यासुद्धा उचलून ठेवायचो. बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे भरलेत, माझ्या पलंगाखाली.

माझ्या वेगळ्या केल्या, त्या दोघांच्या वेगळ्या. चिरंजीवांच्या हातच्या, सूनबाईंसाठी लिहिलेल्या, चारशेच्या वर निघाल्या. एकीवरही तिचं नाव नाही. साधं 'तू' नाही. 'गॅस येईल.' 'कपडे आत घ्यायचे.' 'जेवण नको.' नुसतं 'जेवण नको' असंच किती तरी.

सूनबाईंच्या सुरुवातीच्या लांब आहेत. 'माझं चुकलं, एकदा बोला तरी.' मग 'बोला ना.' मग 'आज माझा वाढदिवस होता.' शेवटी शेवटी 'झाकून ठेवलंय', बस. ह्या मी तेव्हाही वाचल्या असणार. मला वाटलं लाडाचा रुसवा आहे. कान नव्हते, व्याही, पण डोळे तर होते मला.

मी मुलाला लिहून विचारलं, का बोलत नव्हतास? त्याने लिहिलं, 'मी कधी हात उगारला नाही. कधी वाईट शब्द बोललो नाही. यायचं असेल तर येऊ दे.' मी लिहिलं, आल्यावर बोलशील? तो कागद त्याने घडी करून खिशात घातला आणि क्ष-किरण यंत्रांच्या दुरुस्तीला निघून गेला.

इतकं कळूनही मी हात जोडतो, सूनबाईंना एकदा पाठवा. आता मला माहीत आहे. मी दोघांच्या मध्ये बसेन. माझ्या डोळ्यांदेखत त्याला बोलावं लागेल.

हे पत्र वाचून जाळा. बाप मुलाविरुद्ध असं लिहीत नाही. तुम्ही होतात म्हणून लिहिलं गेलं.

बहिरा


३ मार्च

व्याहीबुवा, नमस्कार.

पिवळी गेली. जावयांनी खडक हलवून दिल्यावर चार दिवस बरे गेले. जांभळा वाट चुकल्यासारखा फिरायचा, पिवळी मधूनच पुढे यायची, आम्ही तिघेही ताटं घेऊन टाकीसमोर बसायचो. पाचव्या दिवशी त्याने एक कपार धरली, आणि ती धरल्यावर सगळंच धरलं. मी मधली काच पुन्हा घातली, आरसाही लावला. पण पिवळीने खाणं सोडलं ते सोडलंच. मुलीने तिच्या तोंडापुढे पट्टी धरून पाहिली, लसूण चोळून पाहिली. गुरुवारी सकाळी ती पंपाला टेकलेली होती. मुलीने तिला तळहातावर घेतलं आणि मला म्हणाली, "पोट बघा, किती आत गेलंय." एवढंच.

जांभळा दुकानदाराने नेला. त्याच्याकडे सहा फुटी टाकी आहे, आतले सगळे वेगळ्या बांध्याचे आहेत. तिथे तो कुणाकडे बघतसुद्धा नाही म्हणे. आमच्या टाकीत आता नुसतं पाणी आहे, पण मुलगी पंप बंद करू देत नाही.

तुमच्या विनंतीचं उत्तर मला द्यावं लागलं नाही. ती आपली आपण एका वकीलबाईंकडे जाऊन आली आणि दुसऱ्या वेळी मला घेऊन गेली. जावई वेगळं व्हायला तयार नाहीत, सही करणार नाही असं त्यांनी कळवलंय. वकीलबाईंनी विचारलं, मारहाण? नाही. दारू? नाही. माहेरून काही आण म्हणाले? नाही. मग म्हणाल्या, "ते येऊन सांगतील, मी कधी वाईट शब्द बोललो नाही. आणि ते खरंच असेल. घरात आणखी कोण होतं?"

मुलगी म्हणाली, "सासरे."

"त्यांनी काय ऐकलं?"

मी सांगितलं, ते ठार बहिरे आहेत. वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं.

मी तुमच्या पत्राविषयी बोललो नाही. मुलीलाही दाखवलेलं नाही. तुम्ही जाळायला सांगितलंत, ते अजून जाळलेलं नाही. देवापुढे उभा राहतो पण काय मागावं ते सुचत नाही. इकडची माणसं माझी, तिकडचं माणूसही माझंच.

तुमचा व्याही


१२ मार्च

व्याही,

जाळलंत का? आधी ते लिहा.

इकडचं सांगतो. मी विचारलं त्या दिवसापासून मुलाची मला चिठ्ठी नाही. एकसुद्धा. तो चहा ठेवतो, पोळ्या ठेवतो, गोळ्या काढून ठेवतो. कागद नाही. मी लिहून पुढे केलं तर वाचतो आणि माझ्यासमोर ठेवून देतो. काल मी लिहिलं, 'माझं चुकलं.' लिहिल्यावर मला आठवलं हे वाक्य मी कुठे वाचलंय.

फ्लॅट सोडायचं ठरलं हे मला घरमालकाच्या नोटिशीवरून कळलं. खोकी दारात येऊन पडलीत. माझी सोय कुठे करणार ते मला ठाऊक नाही, आणि विचारून उपयोग नाही.

मी टीव्हीवरच्या बातमीदारणीचे ओठ वाचायला शिकतोय. महिनाभरात 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' एवढे दोन शब्द आले. दोन्हींचा इथे उपयोग नाही.

सूनबाईंना पाठवा असं मी आता म्हणत नाही. खरं सांगायचं तर मनात अजून म्हणतो. त्या आल्या तर ह्या घरात मला दोन ओळी लिहिणारं कुणीतरी असेल. बघा म्हातारा किती स्वार्थी असतो.

ते पत्र त्याच्या हाती लागलं तर मला हे दारही राहणार नाही. पण तुम्ही ते होऊ देणार नाही. तुमची पत्रं येतात, तेवढंच आता माझ्याशी कुणी बोलतं.

बहिरा


२७ मार्च

व्याहीबुवा,

हे पत्र तुम्हाला फ्लॅट सोडण्याआधी मिळावं म्हणून घाईने लिहितो.

मी तुमचं पत्र जाळलं नाही. रविवारी तुमची सगळी पत्रं मुलीसमोर ठेवली. माझ्या पत्रांत काय होतं तेही सांगितलं, २ फेब्रुवारीचा आपला बेतही. तिने सगळी वाचली, वीस तारखेचं दोनदा. मग नीट घड्या घालून म्हणाली, "तुम्ही दोघं किती छान लिहिता एकमेकांना."

तो टोमणा होता की नव्हता ते मला अजून कळलेलं नाही.

मी विचारलं, "हे वकीलबाईंना द्यायचं का?" ती म्हणाली, "तुम्हाला जाळायला सांगितलंय ना? तुम्हीच ठरवा, बाबा. मी मागणार नाही. मागायचं मी सोडून दिलंय."

तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ह्यांना ठरवायला सांगितलंस? मग आपण दोघी म्हाताऱ्या होऊ."

पत्राचं पुढे काय होईल ते मी वकीलबाईंना विचारून घेतलं होतं, कुणाचं पत्र ते न सांगता. ते चिरंजीवांच्या वकिलाकडे जाईल. चिरंजीव वाचतील. कोर्टात तुम्हाला बोलावतील, डबे आणायला सांगतील, प्रश्न कागदावर लिहून तुमच्यापुढे ठेवतील, आणि तुम्हाला तुमच्या मुलासमोर बसून उत्तरं लिहावी लागतील. त्यानंतर तो तुम्हाला घरात ठेवील असं मला वाटत नाही. ठेवलं तरी कसं ठेवील ते तुम्ही लिहिलंच आहे.

तुम्ही आमच्याकडे या, असं लिहायचं मनात होतं. मुलीला विचारलं. ती म्हणाली, "येऊ देत. पण मग मी इथे राहणार नाही." तुमच्यावर तिचा राग नाही. पाच वाजता कुणी खुर्ची ओढली की ती पुन्हा त्याच घरात जाऊन पोचेल, असं म्हणाली. त्यामुळे तेही लिहू शकत नाही.

तीन दिवस मी दोन्ही बाजूंनी विचार केला. हे पत्र नसेल तर माझ्या मुलीने काय सोसलं ते जगात कुणाला दिसणार नाही. पत्र दिलं तर तुम्ही उघड्यावर याल, आणि तुम्ही ते ज्याच्या भरवशावर लिहिलंत तो मीच. ह्यातून चांगलं असं काही निघत नाही. मी प्रार्थनेलाही उभा राहून पाहिलं. देवाने हे माझ्यावरच सोडलंय असं दिसतं. एकदा मी तिची पिशवी उचलून बसमध्ये ठेवली होती, तेव्हाही त्याने मला अडवलं नव्हतं.

तुम्ही मला पुन्हा लिहिणार नाही हे मी धरून चाललो आहे. मी लिहिलेलं उघडू नये असं वाटलं तर नका उघडू.

आज सकाळी शाळेत रजेचा अर्ज दिला आणि दहा वाजता मुलीबरोबर गेलो. तुमचं वीस फेब्रुवारीचं पत्र वकीलबाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, हे अक्षर कुणाचं ते तुम्ही शपथेवर सांगाल का, आणि ते डबे पलंगाखाली आहेत हेही? मी हो म्हणालो. त्यांनी तसं टंकून आणलं, मी एकदा सावकाश वाचलं आणि खाली सही केली.